मापाड्याचा नकार

श्रोतेहो, नमस्कार.

यावल आणि चोपडा यांच्या मधल्या पट्ट्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, एका नाल्याच्या काठावर पूर्वी एक कुडाची झोपडी होती. झोपडीसमोर अंजनाचे झाड होते आणि त्याच्या एका आडव्या फांदीला तागडी टांगलेली असे. त्या झोपडीत एकच माणूस राहत होता. आज मी आपल्याला त्या माणसाकडे घेऊन जाणार आहे. परंतु तिथे पोहोचण्यापूर्वी थोडे इतर बोलणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय तो तिथे का राहत होता हे नीट कळणार नाही.

कोणी घरदार सोडून रानात एकटा राहू लागला, की गाव त्याच्याविषयी ठरलेलेच बोलते. तो विरक्त झाला असे वाटले तर लोक त्याच्या पाया पडतात. भाऊबंदांशी पटले नाही असे वाटले तर त्याची कीव करतात. त्याला एखादी गोष्ट मान्य नसेल आणि ती आपल्या हातून घडू नये एवढ्यासाठीच तो उठून गेला असेल, ही शंका मात्र सहसा कोणाला येत नाही. माझे म्हणणे असे आहे, की साधे राहणे हे नकाराचे बळ आहे. ज्याच्या गरजा थोड्या, त्याचा नकार टिकतो. ज्याच्या डोक्यावर हप्ते, उधारी आणि मोठेपणाचा खर्च असतो, त्याला अन्याय दिसतो, तो मनातून संतापतोही. परंतु महिनाअखेर जवळ आली की त्याचा आवाज खाली येतो.

याचे जगभर ठाऊक असलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. हेन्री डेव्हिड थोरो हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉनकॉर्ड गावचे रहिवासी. ४ जुलै १८४५ रोजी ते वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेले आणि ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस तिथे राहिले. झोपडी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब होती. तिच्यासाठी आलेला खर्च त्यांनी पैपैचा लिहून ठेवला: २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. खिळे किती, चुना किती, कौलाऐवजी लावलेल्या फळ्या किती, सगळे त्यात आहे. वर्षातून सहा आठवडे काम केले तर उरलेले वर्ष आपले आपल्याला मिळते, असा त्यांचा अनुभव होता. पुष्कळ वाचक इथेच थांबतात आणि त्यांच्या लक्षात तळे, पाखरे आणि शांतता एवढेच राहते. परंतु त्याच मुक्कामात, जुलै १८४६ मध्ये, दुरुस्तीला दिलेला जोडा आणण्यासाठी ते गावात गेले असता त्यांना अटक झाली. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि आता मेक्सिकोशी युद्धही करू लागलेल्या सरकारला आपला पैसा द्यायचा नाही, म्हणून त्यांनी काही वर्षांपासून डोईपट्टी भरलेली नव्हती. त्यांनी एक रात्र कोठडीत काढली. कोणीतरी परस्पर कर भरून टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. मग त्यांनी जोडा घेतला आणि ते रानमेवा वेचायला निघून गेले. तळ्याकाठची झोपडी आणि ती कोठडी एकाच माणसाच्या एकाच काळातल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. ज्याच्याकडून जप्त करण्यासारखे काही नाही, त्याला कराची नोटीस घाबरवू शकत नाही.

त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेला निबंध १८४९ साली प्रसिद्ध झाला आणि १९०७ साली गांधीजींनी त्यातील भाग दक्षिण आफ्रिकेतील आपल्या साप्ताहिकात छापला. गांधीजींना सत्याग्रहाची कल्पना थोरोंकडून मिळाली असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते मला पटत नाही. कारण दक्षिण आफ्रिकेतील तो लढा १९०६ मध्येच सुरू झालेला होता. दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचू शकतात, हे मान्य करण्यात कोणाचाच कमीपणा नाही.

थोरोंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यांची झोपडी गावापासून जेमतेम दीड मैलावर होती, जमीन मित्राची होती आणि ते अधूनमधून आईच्या हातचे जेवायला घरी जात असत. ही सर्व माहिती खरी आहे. परंतु तिच्यामुळे माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. निषेध करणाऱ्याने हाकेच्या अंतरावर असावे. तो इतका दूर गेला की कोणाला दिसतच नाही, तर त्याचा नकार कोणाला कळणार? आपल्याच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. चौदाशे वर्षांचे तप गाठीशी असलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, तेव्हा लहानग्या मुक्ताबाईंनी हा अजून कोराच राहिला असे म्हटले, ही कथा खान्देशात प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. नुसत्या एकांताने माणूस भरत नाही, एवढा अर्थ मी त्या कथेतून घेतो.

धुळ्याच्या तुरुंगाचीही इथे आठवण ठेवली पाहिजे. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते शब्द उतरवून घेत होते. साने गुरुजी १९३० मध्ये अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले होते, आणि विनोबांनी पुढे १९५० साली पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैसा बाजूला ठेवून, बैलांशिवाय, स्वतःच्या हातांनी पिकवलेल्या अन्नावर राहण्याचा तो प्रयोग होता. अशा माणसांकडून तुरुंग काय काढून घेणार? जाडीभरडी भाकरी, जमिनीवरची झोप आणि ठरलेले काम यांची त्यांना आधीपासूनच सवय होती. पुन्हा सांगतो: ज्याच्या गरजा थोड्या, त्याचा नकार टिकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल बांधव साधे राहतात, ते पाहून शहरातली माणसे हळवी होतात. त्यातले पुष्कळसे साधेपण लादलेले आहे आणि लादलेल्या हालांना तत्त्वज्ञान म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्याकडून शिकायचेच असेल, तर मणिबेलीकडून शिकावे. अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठच्या या गावाच्या लोकांनी सरदार सरोवराचे पाणी चढत असतानाही जागा सोडण्यास नकार दिला होता. कोणी रानात जाऊन निषेध करतो. कोणी रानातून न हलून करतो. आणि बाईचे काय, हा प्रश्न मला नेहमी छळतो. पुरुष रानात एकटा राहिला तर त्याला महाराज म्हणतात. बाई एकटी राहिली तर तिला डाकीण ठरवणारे लोक आपल्याच डोंगरात आहेत. एकटे राहण्याचा हक्क आपण अजून सर्वांना दिलेला नाही.

आता त्या तागडीकडे येतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो होतो. वैशाख नुकताच लागला होता. वडिलांनी नवीन दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, एक पोते बैलगाडीत घातले आणि मला म्हणाले, "चल, नानांकडे जाऊन येऊ." नाना हे वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. सारे गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून वडीलही नानाच म्हणत. पहाटे निघालेली गाडी उन्हे चढेपर्यंत केळीच्या बागांमधून चालली होती. पुढे बागा संपल्या, कोरडवाहू रान लागले आणि चाकांखाली मुरूम वाजू लागला. त्या वाटेवर वडिलांनी मला नानांची हकिगत सांगितली.

नाना धान्याच्या बाजारात मापाडी होते. त्यांच्याकडे परवाना होता, छातीवर बिल्ला होता आणि त्यांच्या काट्यावर शेतकऱ्यांचा विश्वास होता. बाजारात माप मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. नानांचा तो 'लाभ' इतका खणखणीत असे, की दोन आळी पलीकडे ऐकू येई, असे वडील म्हणत. त्या काळी पोत्यामागे किलोभर कडता कापणे ही रीतच झाली होती. माती आहे, ओल आहे, काडीकचरा आहे, काहीतरी कारण निघे. नानांना ते डाचत असे. परंतु कडता निदान उघड होता, पट्टीवर लिहिला जाई. एका हंगामात उडदाची आवक फार झाली आणि एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितले, की तोलताना दांडीला जरा कोपर लागू द्या. समोर एक म्हातारा शेतकरी सात पोती घेऊन उभा होता. नानांनी सातही पोती सरळ तोलली. तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की असेच तोलायचे असेल तर उद्यापासून येऊ नका. नानांनी भांडण केले नाही. त्या दिवसाचे राहिलेले सर्व तोलणे त्यांनी पूर्ण केले, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी बिल्ला परत करून ते घरी आले.

त्यांना दुसरे काम मिळाले असते. एका जिनिंगमध्ये आणि दोन दुकानांत बोलावणे होते. परंतु प्रत्येक ठिकाणी काटा होता आणि प्रत्येक काट्यामागे कोणीतरी उभा होता. नानांची पत्नी वारलेली होती आणि मुलगी शिरपूरकडे सुखाने नांदत होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे. बायकोमुले उघड्यावर टाकून रानात जाणाऱ्याला मी निषेध करणारा म्हणणार नाही. त्याच्या तत्त्वाची किंमत दुसरेच कोणीतरी मोजत असते. नानांची किंमत मोजणारे नाना एकटेच होते. वडिलोपार्जित दीड एकर मुरमाड जमीन डोंगराला लागून पडीक होती. तिथे त्यांनी कूड उभारला.

आम्ही दुपारी पोहोचलो. नाना नाल्याच्या वाळूत झिरा उकरत बसले होते. त्यांनी वाटीने पाणी तांब्यात भरले, ते निवळू दिले आणि मग आम्हाला दिले. झोपडीत मी नजर फिरवली, तेव्हा मोजता येतील एवढ्याच वस्तू दिसल्या: घोंगडी, तवा, पितळी शेर, विळा, कुऱ्हाड, कंदील, दोरीवर एक धोतर आणि कोपऱ्यात बाजरीची कणगी. विकत काय आणता, असे मी विचारले. मीठ, रॉकेल आणि काडेपेटी, असे त्यांनी सांगितले. रात्री त्यांनी बाजरीच्या भाकरी थापल्या. अंबाडीच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी होती आणि ठेचा होता. जेवण झाल्यावर वडिलांनी बरेच दिवस मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "नाना, तुम्ही आलात निघून. त्याने बाजारात काय फरक पडला? कडता थांबला का?"

नाना थोडा वेळ कंदिलाची वात खालीवर करत राहिले. मग अहिराणीत म्हणाले, "कडता चालूच शे, भाऊ. पन आते मना हात त्यामा नही." कडता चालूच आहे, पण आता माझा हात त्यात नाही.

वडिलांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. मी त्या वयात होतो, ज्या वयात मोर्चा निघाला नाही तर निषेध झाला असे वाटतच नाही. मला वाटले, हात धुऊन घेणे एवढेच जर असेल, तर बाजारात राहून त्या व्यापाऱ्याशी लढणारा माणूस मोठा. हे मला त्या रात्री झोप लागेपर्यंत वाटत होते.

पहाटे बोलण्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर आलो, तर अंजनाखाली पाच-सहा पावरा बाया उभ्या होत्या. डोक्यावर टोपल्या, कोणाच्या कडेवर मूल. त्यांचे पाडे वर डोंगरात होते आणि त्या दिवशी खालच्या गावचा आठवडी बाजार होता. टोपल्यांत चारोळी होती, एकीजवळ डिंक होता. नाना तागडीजवळ उभे होते. त्यांनी रिकामी तागडी आधी बोटाने उचलून सोडली, पारडी डोलायची थांबेपर्यंत वाट पाहिली आणि काटा मधोमध आल्याचे त्या बाईला दाखवले. मग वजन ठेवले. लोखंडी, षटकोनी, तळाला शिसे भरून त्यावर शिक्का मारलेले ते वजन होते. दरवर्षी ती वजने घेऊन तालुक्याला जायचे आणि त्यांवर नवा शिक्का मारून आणायचा, हा नानांचा नेम त्यांनी बिल्ला परत केल्यानंतरही चुकला नाही. त्यांचे भांडण मापाशी नव्हतेच.

पहिल्या बाईची चारोळी तोलून झाली. नानांनी कमरेची अंबाडीची सुतळी काढली, वीतभर तोडली आणि तिला गाठी मारायला सुरुवात केली. किलोला एक घट्ट गाठ. अर्ध्या किलोला सुरगाठ. त्यांनी गाठी मारल्या आणि सुतळी तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याने एकेक गाठ चाचपली, ओठांत मोजली, पुन्हा चाचपली आणि सुतळी पदराच्या टोकाला बांधून टाकली. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु बाजारात व्यापारी जेव्हा तिची चारोळी तोलून तोंडाला येईल तो आकडा सांगेल, तेव्हा ती पदर सोडून ती सुतळी त्याच्यासमोर धरणार होती. वडिलांनी मला हळू आवाजात सांगितले, की त्यांच्या तरुणपणी याच बाजारात चारोळीच्या बदल्यात मीठ देऊन या बायांची बोळवण होत असे.

नानांनी सर्वांची चारोळी तोलली, सर्वांना सुतळी दिली. कोणाकडून पैसा घेतला नाही. जाताना त्या कडेवर मूल असलेल्या बाईने मूठभर चारोळी दगडावर ठेवली, तेव्हा मात्र ते नको म्हणाले नाहीत.

मी विचारले, "नाना, व्यापारी ती सुतळी मानतात?"

"पहिल्या वर्षी हसले," नाना म्हणाले. "दुसऱ्या वर्षी भांडले. आता सुतळी दिसली, की काटा सरळ धरतात." आणि मग अंजनाच्या खोडाला हात लावून त्यांनी सांगितले, की बिल्ला छातीवर असताना ते दांडीवर कोपर न ठेवण्याचे काम तेवढे करू शकत होते, इथे मात्र त्यांना काढून टाकणारा कोणी नाही, त्यांचा पगार अडवणारा कोणी नाही आणि ज्याच्याकडे त्यांची उधारी आहे असाही कोणी नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. श्रोतेहो, मी ज्याला नकाराचे बळ म्हणतो, ते मला त्या सकाळी वीतभर सुतळीवर दिसले. त्या माणसाने दहा पायली बाजरीत आपला महिना-दीड महिना बसवला होता, आणि म्हणूनच तो कोणाच्याही काट्यासमोर ताठ उभा राहू शकत होता.

हल्ली डोंगराच्या कुशीत बंगला बांधून, आठवड्याचे दोन दिवस तिथे राहून, त्याला साधे जीवन म्हणण्याची पद्धत पडली आहे. विश्रांती म्हणून ती चांगलीच आहे. परंतु तिथे पोहोचवणारी मिळकत ज्या व्यवहारातून आली, त्या व्यवहाराला आपण कधी नाही म्हटले का, हे त्या अंगणात बसून स्वतःला विचारावे, असे मला कळकळीने वाटते. शाळेत मुलांना एकदा तरी तागडी हातात धरायला द्यावी, असेही वाटते. काटा स्थिर होईपर्यंत थांबणे पुस्तकातून शिकता येत नाही.

नानांच्या त्या सकाळचे थोडे सांगायचे राहिले आहे. आम्ही निघण्याच्या वेळी वडिलांनी गाडीतले दादरचे पोते उतरवून दारात ठेवले. नाना म्हणाले, "कसाले?" कशाला हवे? वडील म्हणाले, नवीन दादर आहे, घरची आहे, पावसाळाभर पुरेल. नाना म्हणाले, "माले जे लागस ते आठेच शे." मला जे लागते ते इथेच आहे. वडिलांचा चेहरा उतरला. एवढ्या उन्हात, एवढ्या वाटेने, मित्रासाठी आणलेले पोते परत न्यायचे, हे त्यांना सहन होईना. ते काही बोलले नाहीत. बैलांच्या शिंगांना उगाच हात लावत उभे राहिले.

नानांनी ते पाहिले. ते आत गेले आणि पितळी शेर घेऊन आले. पोत्याचे तोंड त्यांनी स्वतः सोडले, शेर दादरमध्ये खोल घातला, वर काढला, शिगेवरून तळहात फिरवून तो सपाट केला आणि आपल्या उपरण्यात ओतला. "लाभ," ते म्हणाले. तो आवाज खरोखरच खणखणीत होता. समोरच्या टेकडीवरून तो परत आला. वडील पुढच्या मापाची वाट पाहत होते. नानांनी शेर पालथा करून दारातल्या दगडावर ठेवला आणि पोत्याचे तोंड पुन्हा बांधायला घेतले.